आई बागबाजारच्या घाटावरून धावायची

आम्ही कलकत्त्यात राहायला आलो त्या काळात बागबाजारच्या घाटावर विनाकारण कुणी धावत नसे. धावणारा माणूस दिसला तर तो चोर असायचा, नाहीतर डॉक्टरला आणायला निघालेला. ट्राम पकडायलासुद्धा तिथली मंडळी धावत नसत. धोतराचा सोगा एका हातात धरून, दुसरा हात वर करून ती सावकाश चालत यायची आणि ट्रामही त्यांचा मान राखून थांबायची. त्यामुळे आषाढातल्या एका उघडिपीच्या सकाळी मी घाटावरून धावत सुटले, तेव्हा अंगाला तेल चोळून घेणाऱ्या पहिलवानांपासून फुलवालीपर्यंत सगळ्यांनी माना वळवल्या. वरच्या पायरीवर बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांनी काठी आपटून विचारलं, "दौडोच्छो कॅनो? की होएछे?" का धावतेस, काय झालंय? मी माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं की काही झालेलं नाही. हे उत्तर त्यांना मुळीच पटलं नाही.

खरोखरच काही झालं नव्हतं. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होते. हिवाळ्यात आमच्या मुलींच्या कॉलेजच्या शर्यती असायच्या आणि त्यातली सगळ्यात लांबची शर्यत धावायचं माझ्या डोक्याने घेतलं होतं. व्यायाम शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या की पाय बरे आहेत पण दम नाही, रोज सकाळी नदीकाठी धावत जा. माझे बाबा केंद्र सरकारच्या हिशेब खात्यात अधिकारी होते, बदलीवर आलेले. त्यांनी एखादी फाइल मंजूर करावी तशी मला परवानगी दिली, म्हणजे अटींसकट. एक, आई बरोबर जाईल. दोन, कपडे अंगभर असतील. तोकडी चड्डी वगैरे घालून त्यांची मुलगी गंगेच्या काठी दिसणार नाही.

पहिली अट ऐकून आईने कपाळावर आठ्या घातल्या. तिला कलकत्ता अजिबात आवडलं नव्हतं. आम्ही चैत्रात आलो आणि वैशाखात एका संध्याकाळी असं वादळ सुटलं की गच्चीवर वाळत घातलेले तिचे पापड शेजारच्या तीन घरांत वाटले गेले. तिथल्या लोकांनी ते परत आणून दिले, पण हे काय आहे असं विचारत, आणि तिला सांगता आलं नाही. मोहरीच्या तेलाच्या वासाने तिचं डोकं चढायचं. ज्वारी मिळायची नाही. खालच्या बिऱ्हाडातली बाई रोज काहीतरी आपुलकीने बोलायची आणि आई नुसती हसून मान हलवायची, मग वर येऊन म्हणायची, "मी काय कबूल करून आले देव जाणे."

म्हणून आई-बाबांचं ठरलं होतं. पुढच्या चैत्रात माझी परीक्षा झाली की आई मला घेऊन सांगलीला, आमच्या एकत्र कुटुंबाच्या घरी परत जाणार, आणि बाबा इथे मेसमध्ये राहणार. मेस म्हणजे एकट्या नोकरदार पुरुषांचं एकत्र बिऱ्हाड, एका खोलीत चार-चार पलंग आणि खाली सामाईक स्वयंपाकघर. हे सगळं भांडण न होता ठरलं होतं, आणि त्याचाच मला राग होता. भांडण झालं असतं तर मध्ये तोंड घालता आलं असतं. मला जायचं नव्हतं. मला कलकत्ता आवडायला लागलं होतं, आणि मला कुणी विचारलंच नव्हतं.

तर पहिल्या दिवशी मी पाचवारी नेसून धावले आणि मूर्तिकारांच्या कुमारटोलीच्या अलीकडे सपशेल आडवी झाले. निऱ्या पायात अडकल्या. कोपर सोलवटलं, शिवाय तिथे मूर्तीसाठी होडीतून उतरवलेल्या मातीचा ढीग होता, त्यात माझं तोंड गेलं. आई मागून चालत आली, मला उठवलं, पदराने माझं तोंड पुसलं आणि म्हणाली, "असलं गोल गुंडाळून कुणी धावतं का? उद्या माझं लुगडं नेस."

मी हबकले. माझ्या वर्गातल्या मुली दोन वेण्या आणि इस्त्रीचं पातळ अशा यायच्या, आणि मी आजीसारखी नऊवारी नेसून, कासोटा घालून धावणार? आईने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे तिने मला उभं करून स्वतःचं जुनं, मऊ झालेलं लुगडं नेसवलं. कासोटा असा घट्ट खोचला की मी ओरडले, आणि घोळ पोटरीपर्यंत वर घेतला. मी घाटावर उतरले आणि धावून पाहिलं. पाय मोकळे. काही सुटत नाही, काही अडकत नाही, आणि बाबांच्या अटीप्रमाणे सगळं अंगभर. मी इतकी खूश झाले की लाजायचं विसरूनच गेले.

आमची वाट ठरलेली होती. नदी आणि बंदराच्या मालगाड्यांचे रूळ यांच्यामधून एक पायवाट दक्षिणेकडे जायची. बागबाजारहून निघायचं, कुमारटोलीची माती आणि पेंढ्याच्या होड्या ओलांडायच्या, शोभाबाजार, आहिरीटोला, आणि निमतल्याच्या स्मशानघाटाच्या अलीकडे लाकडाच्या वखारी लागल्या की परत फिरायचं. वखारींच्या पुढे आईने जाऊ दिलं नाही. "तिथं कधीतरी जायचंच आहे, धावत कशाला जायचं?" असं ती म्हणायची. कधी घाटावर येतानाच रुळांवर मालगाडी आडवी उभी असायची, मग तिचे डबे मोजत आणि इंजिनच्या ड्रायव्हरला मनातल्या मनात शिव्या देत मी जागच्या जागी उड्या मारायची.

आई सुरुवातीला चालायची आणि थकली की पहिल्या घाटावर परत येऊन छत्री घेऊन बसायची. तिच्या शेजारी ते काठीवाले म्हातारे गृहस्थ असायचे. ते कुठल्याशा कोर्टातून कारकुनी करून निवृत्त झाले होते आणि नदीवर काय चाललंय याची देखरेख आपल्याकडे आहे अशा थाटात रोज वरच्या पायरीवर बसायचे. मी शर्यतीसाठी धावतेय हे त्यांना एकदाचं कळलं तेव्हा त्यांनी कुणी न नेमता माझे गुरू म्हणून कामाला सुरुवात केली. मी दिसले की काठी हवेत फिरवून ओरडायचे, "आरो जोरे, मा, आरो जोरे!" आणखी जोरात. स्वतः त्यांनी आयुष्यात धाव घेतली असेल असं त्यांच्या पोटाकडे पाहून वाटत नव्हतं. पण गुरूंना कोण विचारतं?

आई त्यांच्याशी आणि अंघोळीला येणाऱ्या बायकांशी बोलायची म्हणजे आधी खुणाच करायची. मग एकेक शब्द येऊ लागला. आषाढ-श्रावणात पाऊस, चिखल, शेवाळलेल्या पायऱ्या, तांबूस पाण्यातून वाहत येणारी जलपर्णीची बेटं, आणि घाटाच्या छपराखाली दाटीने उभ्या राहिलेल्या त्या बायका. मी धावून परत यायची तेव्हा आई एखादीच्या भाजीच्या टोपलीत हात घालून काहीतरी विचारत असायची. घरी मात्र बाबांसमोर ती खालच्या बाईशी अजून हिंदीतच अडखळायची. मला वाटायचं, बोलली असती तर बाबांना किती बरं वाटलं असतं. पण तिने मला डोळ्यांनी गप्प केलं होतं.

मग भाद्रपदात अमावास्येच्या सुमारास एका सकाळी बान आला. समुद्राची भरती कधी कधी एकदम भिंत होऊन नदीत उलटी शिरते, त्याला तिथे बान म्हणतात. मी परत येत होते. लांबून ओरडा ऐकू आला, "बान! बान!" नावाडी काठाच्या होड्या जिवाच्या आकांताने मध्यभागी नेऊ लागले, कारण काठाला राहिल्या तर आपटून फुटतात. खालच्या पायऱ्यांवरचे लोक कपडे, लोटे, मुलं उचलून वर पळाले. आई त्या वेळी खालीच होती, पाय धुवत. मी पाहिलं की तिने घोळ वर खोचला, एका बाईचं मूल काखेत घेतलं आणि पायऱ्या चढून, पायवाटेने, पाणी तिथपर्यंत येण्याचा संभव नसताना, कितीतरी पुढे धावत गेली. मूल रडत होतं. त्याची आई मागून हाका मारत होती. माझी आई थांबली ती पार कुमारटोलीच्या जवळ, आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून ती हसत होती. मोठ्याने हसत होती. कलकत्त्यात आल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर सांगलीतही नाही.

दुसऱ्या दिवसापासून आई माझ्याबरोबर धावायला लागली.

ती चाळिशीच्या आतबाहेर होती. चपला पायरीवर गुरूंच्या राखणीत ठेवायची आणि अनवाणी धावायची. पहिल्यांदा शोभाबाजारपर्यंतच पोचायची आणि तिथे खांब धरून उभी राहायची. महिन्याभरात वखारींपर्यंत यायला लागली. तिची धाव माझ्यासारखी धसमुसळी नव्हती. ती छोटी पावलं टाकायची, कोपरं अंगाशी, मान ताठ, जणू डोक्यावर घागर आहे. मला वाटे मी हिला सहज मागे टाकेन. एकदोनदा टाकलंही, पण परतीच्या वाटेवर मी धापा टाकत असताना ती शेजारून निघून जायची आणि जाता जाता माझी वेणी ओढायची.

"बाबांना सांगायचं का?" मी विचारलं.

"कशाला? त्यांनी परवानगी तुला दिलीय. मला कुठं दिलीय?"

"मग मागून घे."

"नाही म्हणाले तर?"

एवढंच बोलणं. बाबा नाही म्हणाले तर आमचं दोघींचं बंद होईल, हे मला कळत होतं, म्हणून मीही तोंड शिवलं. बाबा समजत होते की आई घाटावर बसते आणि तिला नदीची हवा मानवते. तिचा चेहरा तरतरीत झालाय असं ते एकदा म्हणालेही.

शरद ऋतूत धावायला सगळ्यात मजा येई. कुमारटोलीच्या काठाला पेंढा, माती, बांबू यांनी गच्च भरलेल्या होड्या लागायच्या आणि पायवाटेवरच कारागिरांची ये-जा असायची. मूर्तींसाठी चाललेला बांबूंचा भारा आडवा आला की आई वाकून खालून निघायची, मी वळसा घालायची. दुर्गापूजा झाली, विसर्जन झालं, की भरतीबरोबर पेंढ्याचे सांगाडे काठाला लागत. माती विरघळून गेलेली, नुसते हात आणि कमरा. पहिल्यांदा दिसला तेव्हा आई दचकून थांबली. मग म्हणाली, "बिचारीला बारीक केलंय पार," आणि पुढे धावली. कार्तिकात जरा गारवा आला आणि गुरूंनी माकडटोपी चढवली. तिथे सगळेच चढवतात, हवेत नुसती थंडीची अफवा असली तरी. टोपीवर मफलर, मफलरवर शाल. त्यांचे फक्त डोळे दिसायचे आणि आवाज यायचा, "आरो जोरे!"

माझी शर्यत झाली. मी नऊवारीतच धावले. बाकीच्या मुली मला जात्रेतली, म्हणजे तिथल्या लोकनाट्यातली, राणी म्हणाल्या. मी तिसरी आले आणि मला एक लहानसा पितळी पेला मिळाला. बाबांनी तो चष्म्यावरून पाहिला आणि विचारलं, "एकूण धावत होत्या तरी किती जणी?" पण तो पेला त्यांनी आपल्या टेबलावर ठेवला आणि ऑफिसातून कुणी घरी आलं की तो त्यांच्या हाताला मुद्दाम लागायचा.

शर्यत संपली, म्हणजे धावायचं कारण संपलं. पण दुसऱ्या दिवशी पहाटे आईने माझं पांघरूण ओढलं. मी म्हटलं, आता कशाला? ती म्हणाली, "तुला झोपायचं तर झोप. मग मला एकटीला जाता येणार नाही, एवढंच." मी उठले.

इकडे घरात सांगलीची तयारी चाललीच होती. आई रोज धावायची आणि दुपारी बसून ट्रंकेत कपडे लावायची. मला तिचं काही समजेनासं झालं. एका रविवारी बाबा एस्प्लनेडच्या पलीकडची एक मेस बघून आले. जेवायला बसल्यावर म्हणाले, "बरी आहे. खिडकीजवळचा पलंग सांगून ठेवलाय. भात चांगला असतो म्हणे." आणि स्वतःच्या ताटातला भात तसाच ठेवून उठले. आई म्हणाली, "बरं झालं, सोय झाली." दोघांचाही मला इतका संताप आला की मी भांडी आपटून घासली आणि त्यातल्या एकाला पोचा पाडला.

माघातली ती सकाळ मला अजून तशीच दिसते. धुकं एवढं होतं की नदी नुसती ऐकू यायची. पलीकडच्या काठाचं सोडाच, आमच्या काठाला बांधलेल्या होड्यासुद्धा दिसत नव्हत्या. आम्ही निघालो तेव्हा आई शाल घरी विसरली. बाबा उठले, त्यांना ती खुंटीवर दिसली, आणि थंडीत बायको घाटावर बसून कुडकुडत असेल म्हणून ती शाल घेऊन ते निघाले. दुसऱ्या हातात छत्री, कारण छत्रीशिवाय ते कुठल्याच ऋतूत बाहेर पडत नसत.

आम्ही परत येत होतो. त्या दिवशी गुरूंनाही थंडी फार वाजत होती, म्हणून अंगात ऊब यावी यासाठी ते कधी नव्हे ते उठून आमच्या मागे दुडक्या चालीने धावत होते. माकडटोपी, शाल, उगारलेली काठी, आणि तोंडाने "आरो जोरे! आरो जोरे!" बाबांनी पाहिलं ते एवढंच. धुक्यातून बायको आणि मुलगी लुगडी खोचून जीव घेऊन पळताहेत आणि मागून एक बुरखाधारी इसम काठी घेऊन येतोय.

माझे बाबा आयुष्यात कधी कुणावर ओरडले नव्हते. ते आमच्या शेजारून सुसाट गेले, छत्री भाल्यासारखी पुढे धरून, आणि गुरूंवर तुटून पडले. छत्री काठीत अडकली, शाल दोघांवर पडली, आणि त्या शालीखाली दोघेही एकमेकांना चोर म्हणून धरून बसले. घाटावरचे पहिलवान तेल लावलेल्या अंगाने धावत आले, अर्थात गुरूंच्या बाजूने. आता बाबांचं काही खरं नव्हतं.

तेवढ्यात आई मध्ये घुसली आणि तिने एका पहिलवानाचा हात धरला. "मारबेन ना! मेयेर बाबा!" मारू नका, मुलीचे बाबा आहेत. आणि मग तिने अस्खलित, फाडफाड बंगालीत सगळ्यांना सगळं समजावलं, हे कोण, ते कोण, शाल कशी विसरली, कुणाचा काय समज झाला. पहिलवानांना दोन शब्द सुनावले. गुरूंची माकडटोपी सरळ केली. बाबा जमिनीवर बसून तिच्याकडे बघत होते. काठीच्या माराने त्यांचं जेवढं झालं नसतं तेवढं त्या बंगालीने झालं होतं.

गुरूंनी विचारलं, तुम्ही नक्की कुठले? आई म्हणाली, महाराष्ट्रातले, मराठी. गुरू पोट धरून हसायलाच लागले. बर्गी! दोनशे वर्षांपूर्वी बंगालवर चालून येणारे मराठी घोडेस्वार ते बर्गी. त्यांना अडवायला शहराभोवती जो खंदक खणला तो याच बागबाजारापासून सुरू होत होता, आणि त्यांचं नाव घेऊन तिथल्या बायका अजून मुलांना झोपवत. गुरू म्हणाले की माझ्या आजीने जन्मभर मला बर्ग्याची भीती घातली, आणि सत्तरीत शेवटी आला, तोही छत्री घेऊन. त्यांनी बाबांना हात देऊन उठवलं आणि सगळ्यांसाठी मातीच्या कपातून चहा मागवला.

चहा आला आणि गर्दी आपापल्या जागी परतली. आम्ही तिघं पायरीजवळ उभे होतो. बाबांनी माझ्याकडे बघत विचारलं, "आई कुणाला भिऊन पळत होती?"

"कुणाला नाही. मी धावते. भाद्रपदापासून रोज."

"आणि ही भाषा?"

"ती त्याच्याही आधीपासून."

बाबांनी शाल झटकली आणि तिच्या अंगावर घातली. माझ्याकडेच बघत म्हणाले, "मग सांगलीला गेल्यावर..."

"सांगलीला कृष्णेच्या घाटावर मी अशी धावले तर दुपारच्या आत सासूबाईंना निरोप येईल, सून भ्रमिष्ट झाली म्हणून," आई म्हणाली. "इथं मला कुणी ओळखत नाही. मला नाही जायचं. केव्हापासून सांगायचं होतं, पण जायचा हट्ट मीच धरला होता ना. आता कुठल्या तोंडाने सांगू?"

"मी मेसमध्ये पलंग सांगून ठेवलाय," बाबा म्हणाले.

"मग जा तुम्ही तिकडे. आम्ही रविवारी भेटायला येऊ."

मला हसू आलं, पण बाबा हसले नाहीत. आता एक गोष्ट सांगायला हवी. आमच्या घरात बाबा आईशी चारचौघांत सरळ कधी बोलत नसत. सांगलीत तशी पद्धतच नव्हती. काही सांगायचं असलं तर माझ्याकडे बघून म्हणत, "आईला सांग, उशीर होईल." इथे आल्यावरही ती सवय गेली नव्हती. त्या सकाळी घाटावर माणसं भरलेली होती. बायका डुबक्या मारत होत्या, पहिलवान आमच्याकडे बघत होते, गुरू चार हातांवर चहा फुंकत होते, आणि त्यातल्या एकालाही मराठी कळत नव्हतं. हे बाबांच्याही त्याच वेळी लक्षात आलं असावं. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, आणि मग सरळ आईच्या तोंडाकडे बघून, नेहमीपेक्षा जरा मोठ्यानेच, ते म्हणाले, "मला तुझ्याशिवाय इथं एक दिवस राहवलं नसतं गं. रात्र रात्र झोप येत नव्हती मला."

सबंध घाटावर ते समजलेली तिसरी व्यक्ती मीच होते, म्हणून मी धुक्याकडे तोंड करून उभी राहिले.